एलिझाबेथ फार्म कसं पाहावं : पॅरामाटातल्या वसाहतकालीन शेतावर एक दिवस

सिडनीत लेकाकडे किंवा लेकीकडे राहायला आलेल्या आई-बाबांना आता कुठे न्यायचं, हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात हमखास उभा राहतो. ऑपेरा हाऊस झालेलं असतं, ब्लू माउंटन्स झालेले असतात, मॉलमध्ये त्यांचा जीव रमत नाही. पॅरामाटाला लागूनच असलेल्या हॅरिस पार्कला डोसा नाहीतर चाट खायला मात्र आपण अधूनमधून जातोच. तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर ऑस्ट्रेलियातलं एक फार महत्त्वाचं शेतघर उभं आहे आणि आपल्यातले बरेच जण त्याच्या जवळून गाडी काढून पुढे निघून जातात. एलिझाबेथ फार्म हे त्याचं नाव. १७९३ मध्ये बांधलेल्या या घराचा मूळ भाग आजही उभा आहे आणि या देशात टिकून राहिलेल्या युरोपीय बांधकामांत तो सर्वांत जुना मानला जातो.

जाणाऱ्यांचंही बहुतेक वेळा असं होतं की पुढच्या फाटकातून आत जायचं, व्हरांड्यात फोटो काढायचे, चार खोल्यांतून चक्कर मारायची आणि अर्ध्या तासात बाहेर. मग "ठीक आहे, जुना बंगला आहे" एवढंच मनात राहतं. ही जागा बंगला म्हणून पाहिली तर खरंच एवढीच आहे. शेत म्हणून पाहिली, म्हणजे माती कुठली, पाणी कुठून यायचं, राबायचं कोण, गुरं-मेंढरं आणली कुठून, हे विचारत पाहिली, तर एक दिवस पुरत नाही. गावाकडे शेती केलेले आई-बाबा सोबत असतील तर ते प्रश्न तुमच्या आधी तेच विचारतील. पुढे जो क्रम दिला आहे तो त्यासाठीच आहे. मातीपासून सुरुवात करायची आणि व्हरांड्यात शेवटी बसायचं.

जायच्या आधी

एलिझाबेथ फार्म न्यू साउथ वेल्सच्या सरकारी संग्रहालय संस्थेकडे आहे, म्हणजे 'म्युझियम्स ऑफ हिस्टरी एनएसडब्ल्यू'कडे. शेजारचं एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज नॅशनल ट्रस्टकडे आणि हॅम्बल्डन कॉटेज पॅरामाटाच्या स्थानिक इतिहास मंडळाकडे. तिन्ही ठिकाणं चालत जाण्याइतकी जवळ आहेत, पण चालवणाऱ्या संस्था वेगळ्या असल्यामुळे वार आणि वेळाही वेगळ्या आहेत. यातलं कुठलंही ठिकाण आठवडाभर रोज उघडं नसतं. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तिन्ही संकेतस्थळं उघडून वार, वेळ आणि तिकीट बघून घ्या. एकाच दिवशी सगळं जमवायचं असेल तर शनिवार-रविवार धरा.

ऋतूचं भान ठेवा. पॅरामाटा समुद्रापासून आत आहे, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत इथे किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि पारा चाळिशीपार जाणं नवलाचं नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ सगळ्यात चांगला. उन्हाळ्यातच जायचं असेल तर दहाला दार उघडताना हजर राहा. टोपी, सनस्क्रीन आणि पाण्याची बाटली थंडीतही हवीच, कारण इथलं ऊन अंगाला जाणवत नाही पण कातडी भाजतं.

पायात सपाट, घट्ट बसणारे बूट असू द्या. घर एकमजली आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना जिन्यांचा त्रास नाही. पण उंबरे आणि दगडी फरशा दोनशे वर्षांच्या आहेत, कुठे उंच, कुठे झिजलेल्या. साडीत असलेल्या आजींना उंबरा ओलांडताना हात द्या. व्हीलचेअर लागणार असेल तर आधी फोन करून विचारलेलं बरं.

पोचायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे रेल्वेने हॅरिस पार्क स्टेशन. तिथून एक्स्पेरिमेंट फार्म दहा-एक मिनिटांवर आणि पुढे तेवढ्याच अंतरावर एलिझाबेथ फार्म. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली पॅरामाटा लाइट रेलही या भागातून जाते. ओपल कार्ड (सिडनीच्या रेल्वे-बस-बोटीचं कार्ड) नसलं तरी बँकेचं साधं टॅप करायचं कार्ड चालतं. फक्त प्रत्येकाने आपापलं वेगळं कार्ड वापरायचं, एका कार्डावर दोघांचं भाडं निघत नाही.

वेळ असेल तर जाताना तरी फेरीबोट घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. सर्क्युलर कीहून निघालेली बोट पॅरामाटा नदीतून वर चढत येते. ब्रिटनमधून कैदी आणून वसवलेल्या नव्या वसाहतीचा गव्हर्नर आर्थर फिलिप, त्याची माणसं १७८८ च्या नोव्हेंबरमध्ये याच वाटेने वर आली होती. का आली होती, ते काठाकडे बघत आलात तर आपोआप समजतं. बंदराजवळ दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे खडक दिसतात आणि त्यावरची माती वाळूची, पातळ. तिथे लावलेलं धान्य नीट आलं नाही आणि नव्या वसाहतीवर उपासमारीची पाळी आली. नदीच्या वरच्या टोकाला मात्र शेल या मऊ, पापुद्र्यांच्या खडकाच्या थरावर तयार झालेली चिकण माती होती. तिथे सरकारी शेत उभं राहिलं आणि पॅरामाटा वसलं. एक सूचना : मोठ्या ओहोटीला शेवटच्या टप्प्यात नदीत पाणी कमी पडतं, मग बोट अलीकडेच थांबते आणि पुढे बसने सोडतात. भरती-ओहोटीची वेळ बघून निघालात तर ही अडचण येत नाही.

गाडीने जाणार असाल तर रोझहिलच्या रेसकोर्सवर त्या दिवशी घोड्यांच्या शर्यती आहेत का ते बघा. असतील तर आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. हे रेसकोर्ससुद्धा मूळच्या एलिझाबेथ फार्मच्या जमिनीवरच उभं आहे. इस्टेट किती पसरलेली होती याचा अंदाज त्यावरून येतो.

पहिलं पाऊल : ही जमीन आधी कोणाची होती

हे पाऊल नदीकाठी उभं राहून उचलायचं. ही भूमी धरुग लोकांची, आणि पॅरामाटाच्या आसपासचा काठ त्यांच्यातल्या बरामाटागल कुळाचा. नदीतले ईल मासे, झाडावरचे पोसम, रानातले कंद यांवर त्यांचं जगणं चाललेलं होतं. गवताळ मोकळी रानं युरोपीय लोकांना नैसर्गिक कुरणं वाटली, पण ती या लोकांनी ठराविक हंगामात आग लावून राखलेली होती. शेतांची कुंपणं पडली तशी पाण्याची आणि शिकारीची वाट बंद झाली. मग लढाई झाली. बिजिगल कुळाचा पेमुलवुय हा त्या लढ्याचा म्होरक्या. मार्च १७९७ मध्ये पॅरामाटातच त्याची आणि सैनिकांची चकमक झाली, तो जबर जखमी होऊन पकडला गेला, निसटला आणि १८०२ मध्ये मारला गेला.

त्याच पेमुलवुयचा मुलगा टेडबरी एलिझाबेथ फार्मवर येत-जात असे. १८०८ मध्ये या शेताचा मालक जॉन मॅकआर्थर याला गव्हर्नरने अटक केल्याचं कळलं तेव्हा हा पोरगा भाल्यांचा भारा घेऊन सिडनीला मॅकआर्थरच्या घरी पोचला, गव्हर्नरला भोसकायला आलोय म्हणाला. बापाला ज्या राजवटीने मारलं त्याच राजवटीतल्या एका माणसाशी असलेलं हे नातं एका वाक्यात सोडवता येत नाही, आणि सोडवायचा प्रयत्नही करू नये. पण घरात शिरण्याआधी ते माहीत असलं पाहिजे. मुलांनाही सांगा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ते नीट समजतं.

दुसरं पाऊल : एक्स्पेरिमेंट फार्म

हॅरिस पार्कच्या रूज स्ट्रीटवर हे कॉटेज आहे. आज दिसणारं घर १८३० च्या दशकातलं, सर्जन जॉन हॅरिसने बांधलेलं. हॅरिस पार्क हे नाव त्याच्यावरूनच पडलं. घर छान आहे, पण आपल्याला बघायची आहे ती त्याच्या खालची जमीन.

जेम्स रूज हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा माणूस, चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन कैद्यांच्या जहाजांच्या पहिल्याच ताफ्यातून इथे आला. १७८९ च्या अखेरीस फिलिपने त्याला प्रयोग म्हणून जमिनीचा तुकडा दिला. एक माणूस किती दिवसांत स्वतःच्या पिकावर उभा राहतो, एवढंच बघायचं होतं. रूजने काय केलं ते वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवलं आहे, आणि कोकणातला कुठलाही शेतकरी ते वाचून मान डोलावेल. त्याने तोडलेली झाडं जागेवर जाळली, राख जमिनीत खणून घातली, कुदळीने ढेकळं फोडली, गवत-तण उलटं गाडलं. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तसंच हे. नांगर नाही, बैल नाही, त्यामुळे शेणखतही नाही. म्हणून गव्हाचा पेंढा आणि कुजेल ते सगळं खड्ड्यात टाकून खत करायचा त्याचा बेत होता. १७९१ च्या फेब्रुवारीत त्याने सरकारी कोठारातलं धान्य आता नको म्हणून सांगितलं आणि त्याला ३० एकर मिळाले. त्याची बायको एलिझाबेथ पेरी हीसुद्धा शिक्षा होऊन आलेली होती आणि ती त्याच्या बरोबरीने राबली.

१७९३ मध्ये रूजने ही जमीन हॅरिसला ४० पौंडांना विकली. वसाहतीतल्या शेतीचं पुढचं चित्र या एका व्यवहारात आहे. मजुराने माती तयार करायची आणि ती अधिकाऱ्याकडे जायची. रूजच्या थडग्यावर मात्र, या वसाहतीत पहिलं धान्य मी पेरलं, असं कोरलेलं आहे.

इथे बाबांना एकच विचारा : एका माणसाने कुदळीने दिवसाला किती गुंठे होतील? मग पुढे जे ऐकायला मिळेल ते माहितीफलकावर मिळत नाही.

जाता जाता, या हॅरिसने भारतातून चितळ आणून आपल्या इस्टेटीत सोडले होते. ऑस्ट्रेलियात आलेली हरणांची ही पहिली जात.

तिसरं पाऊल : एलिझाबेथ फार्म, पण मागच्या बाजूने

ॲलिस स्ट्रीटवरच्या फाटकातून आत गेलात की स्वागताला असलेल्या माणसाशी दोन शब्द बोला, पण लगेच व्हरांड्याकडे वळू नका. घराला वळसा घालून मागे, स्वयंपाकघराकडे चला.

आधी हे कोणाचं ते थोडक्यात. जॉन मॅकआर्थर हा न्यू साउथ वेल्स कोअर या पलटणीतला लेफ्टनंट. १७९० मध्ये तो बायको एलिझाबेथ आणि तान्ह्या एडवर्डसह दुसऱ्या ताफ्यातून आला. १७९३ मध्ये त्याला इथे १०० एकर मिळाले आणि शेताला त्याने बायकोचं नाव दिलं. ऑगस्ट १७९४ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने शेताचा सगळा हिशेबच मांडला आहे. कोठारात १८०० बुशेलच्या (बुशेल म्हणजे धान्याचं जुनं इंग्रजी माप) वर मका, २० एकर उभा गहू, मका आणि बटाट्यासाठी ८० एकर तयार, एक घोडा, दोन घोड्या, दोन गायी, १३० शेळ्या, शंभरावर डुकरं. घर विटांचं, लांबी ६८ फूट, रुंदी १८ फूट, चार खोल्या आणि एक दिवाणखाना, लागून स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या, भोवती तीन एकर द्राक्षं, फळझाडं आणि भाजीपाला. हे आकडे फोनमध्ये लिहून घ्या. घरात फिरताना ते ६८ बाय १८ चं मूळ घर नंतर वाढवलेल्या भागांतून वेगळं काढायचा खेळ मुलांना फार आवडतो. लांबट, अरुंद गाभा सापडला की बाकीचं पुढचं आहे हे लक्षात येतं.

आता स्वयंपाकघर. या संग्रहालयाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य इथेच हाताला लागतं : इथे दोऱ्या बांधलेल्या नाहीत, काचा नाहीत, 'हात लावू नका' नाही. सामान हुबेहूब बनवून ठेवलेलं आहे, त्यामुळे खुर्चीवर बसता येतं, भांडं उचलता येतं, खण उघडून बघता येतो. आईला लोखंडी भांडं उचलून बघायला सांगा. रिकामंच इतकं जड आहे, भरलेलं असताना ते आगीवरून उतरवायचं म्हणजे काय ते एका क्षणात कळतं. मग चुलाण्यासमोर उभे राहा. ही बसून करायची चूल नाही. आग जमिनीलगत, भांडी वर टांगलेली, आणि करणारी बाई सतत वाकलेली किंवा आगीशी उभी, त्या काळच्या घोळदार झग्यात. विटांच्या भट्टीची रीत वेगळी. लाकूड भट्टीच्या आतच पेटवायचं, विटा पुरेशा तापल्या की निखारे आणि राख ओढून बाहेर काढायची आणि त्या धगीवर पाव भाजायचे. एकदा भट्टी तापवली की पाव आधी, उतरत्या धगीवर बाकीचं. वैलावर दूध उतू न जाऊ देता ठेवणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे उभं असताना सांगायची एक गोष्ट आहे. १७९२ च्या जूनमध्ये 'अटलांटिक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सिडनीला लागलं, त्यात तांदूळ, रवा आणि डाळ होती. वसाहतीत पीठ आणि वाटाणे संपत आले होते, म्हणून कैद्यांना आणि सैनिकांना शिध्यात ते वाटण्यात आलं. आज हॅरिस पार्कच्या विग्रम स्ट्रीटवर डाळ-भात मिळतो त्याचं आपल्याला काही वाटत नाही, पण या गावात डाळ-तांदूळ गावाइतकेच जुने आहेत.

स्वयंपाकघरातून बाहेर पडून नोकरांच्या कामाच्या जागांकडे नजर टाका आणि विचारा, हे सगळं चालवत कोण होतं? एलिझाबेथच्याच एका पत्रात उत्तर आहे : शेतावर बऱ्याचदा तीस-चाळीस माणसं कामाला असत. त्यांतले बहुतेक शिक्षा होऊन आलेले. इथले स्वयंसेवक याबद्दल मोकळेपणाने बोलतात, फक्त तुम्ही विचारायला हवं.

भिंतींकडेही जरा बघा. सुरुवातीच्या सिडनीत विटा भाजायला चिकण माती होती, पण चुनखडीचा दगड नव्हता. म्हणून शिंपले गोळा करून भाजायचे आणि चुना करायचा. कोकण-गोव्यात जुन्या घरांना शिंपल्यांचाच चुना लागायचा, त्यामुळे आपल्या मंडळींना याचं नवल कमी वाटेल. इथे मात्र त्यातले पुष्कळ शिंपले धरुग आणि इतर लोकांच्या शेकडो वर्षांच्या जेवणांतून साठलेल्या ढिगाऱ्यांतले होते. ते ढीग भट्टीत गेले.

चौथं पाऊल : बाग, आणि बंगालच्या मेंढ्या

बागेत फिरायला अर्धा तास ठेवा. एक सावधगिरी : आपलं दिशांचं गणित इथे उलटं आहे. सूर्य उत्तरेकडून जातो, जुलैत थंडी असते आणि कपडे वाळायला घालायची ती उत्तरेची बाजू. बाबांना हे एकदा सांगितलं की ते लगेच पिकांचे महिने मांडू लागतात. जुनं ऑलिव्हचं झाड विचारून शोधा. १८०५ च्या सुमारास मॅकआर्थरने लावलेलं आणि या देशातल्या सगळ्यात जुन्या ऑलिव्हांपैकी एक, असं त्याच्याबद्दल सांगतात.

मेंढ्या आज इथे चरत नाहीत, पण त्यांच्याशिवाय ही जागा अर्धी राहते. ऑस्ट्रेलियाची लोकर म्हटलं की मेरिनो ही बारीक लोकरीच्या मेंढ्यांची जात, आणि मेरिनो म्हटलं की मॅकआर्थर, एवढं इथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. १९६६ ते १९८८ चालणाऱ्या दोन डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा आणि मेरिनोचा एडका होता. त्याच्या आधीची पायरी मात्र आपल्याला माहीत असायला हवी. १७९४ मध्ये मॅकआर्थरने कलकत्त्याहून आलेल्या जहाजावरून ६० बंगाली मेंढ्या आणि कोकरं विकत घेतली. अंगावर लोकर नाही, केस. त्या त्याने आयर्लंडच्या मेंढ्यांशी मिसळल्या आणि कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून आली. इथे बारीक लोकर होऊ शकते हा विचार त्यावरून सुचला, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. मेरिनो आले ते १७९७ मध्ये, आफ्रिकेच्या केपहून. १८०४ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जच्या कळपाचा लिलाव झाला, त्यातूनही त्याने मेंढ्या घेतल्या आणि पुढच्या वर्षी 'आर्गो' जहाजातून इथे आणल्या.

गुरांचंही तेच. १७९५ च्या मेअखेरीस 'एंडेव्हर' नावाचं जहाज (कॅप्टन कुकचं नव्हे, दुसरं) मुंबईहून सव्वाशेच्या वर गुरं घेऊन आलं. समुद्रात इतके आठवडे गुरं जगवायची म्हणजे चारा आणि गोडं पाणी किती लागलं असेल, याचा विचार गोठा सांभाळलेल्या माणसाने करून बघावा. मुंबईच्या बंदरातून चढलेली गुरं या पंचक्रोशीच्या पशुधनात मिसळली, हे मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात विलक्षण वाटतं.

पाचवं पाऊल : खोल्या, आणि जिने शेत चालवलं ती

आता घरात चला. खोल्या ऐसपैस नाहीत, आणि मला त्या तशाच आवडतात. त्यात माणसं राहत होती हे पटतं. दिवाणखान्यात खुर्ची ओढून बसा आणि एलिझाबेथबद्दल बोला, कारण या शेताचा खरा कारभार तिने सांभाळला. इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या खेड्यातली ही मुलगी. नऊ बाळंतपणं, त्यांतली सात मुलं जगली. नवरा भांडखोर. १८०१ मध्ये वरिष्ठाशी द्वंद्वयुद्ध करून त्याला जखमी केलं, म्हणून त्याला इंग्लंडला पाठवलं, तो १८०५ मध्ये परतला. २६ जानेवारी १८०८ रोजी पलटणीने गव्हर्नर ब्लायची सत्ता उलथवली, त्यातही हा पुढे होता. त्यापायी १८०९ ते १८१७ तो पुन्हा इंग्लंडात अडकला. या सगळ्या वर्षांत कळप वाढवणं, लोकर पाठवणं, कैदी मजुरांकडून कामं करून घेणं, मुली मोठ्या करणं, हिशेब ठेवणं हे तिने एकटीने केलं. नवरा परत आला तेव्हा लोकरीचा धंदा उभा होता. नोटेवर मात्र तो छापला गेला.

१८२० च्या दशकात त्याने घराला आजचं देखणं रूप द्यायला घेतलं, पण पुढे त्याचं मन ताळ्यावर राहिलं नाही. बायकोवर नाही नाही ते संशय घेऊ लागला आणि तिला काही काळ स्वतःच्याच घरापासून दूर राहावं लागलं. तो १८३४ मध्ये गेला, ती १८५० पर्यंत जगली. इंग्लंडला ती परत कधीच गेली नाही.

पुढे १८८१ मध्ये इस्टेट विकली गेली, जमिनीचे तुकडे पडले आणि घर पडायला आलं. १९०४ मध्ये ते स्वान कुटुंबाने घेतलं आणि १९६८ पर्यंत राहून जपलं. त्यांनी ते पाडून प्लॉट पाडले असते तर आज बघायला काही उरलं नसतं. १९८४ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं.

सहावं पाऊल : आता व्हरांडा

सगळं पाहून झाल्यावर इथे या आणि निदान पंधरा मिनिटं बसा. खाली उतरत आलेलं छप्पर, बारीक खांब, दगडी फरशी, दारांतून येणारी झुळूक. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही बसायची पद्धत मुख्यतः भारतातल्या बंगल्यांवरून उचलली आणि ती इथे इतकी रुजली की ऑस्ट्रेलियन घराची ओळख होऊन गेली. छपराचा उतार कसं काम करतो ते प्रत्यक्ष पाहा. थंडीत उत्तरेचा तिरपा सूर्य फरशीवर आत शिरतो, उन्हाळ्यात वर चढलेला सूर्य छपरावरच अडतो. जूनमध्ये गेलात तर उन्हाची रेघ फरशीवर कुठवर येते ती खूण लक्षात ठेवा आणि जानेवारीत परत येऊन ताडून बघा.

लहान मुलांना इथे कंटाळा येऊ लागतो. त्यांना कागद-पेन्सिल देऊन व्हरांड्यापासून नदीपर्यंतचं शेत त्यांच्या मनाने काढायला सांगा : गहू कुठे, मका कुठे, डुकरं कुठे. आकडे त्यांच्याजवळ आहेतच.

उरलेला दिवस

हॅम्बल्डन कॉटेज जवळच आहे. १८२४ मध्ये याच इस्टेटीवर बांधलेलं, मॅकआर्थरच्या मुलींना शिकवणाऱ्या पेनेलोपी लुकास पुढे तिथे राहत. लहान आहे, अर्धा तास पुरे. त्यानंतर जेवायला विग्रम स्ट्रीट किंवा मॅरियन स्ट्रीट. शनिवार-रविवारी दुपारी एकनंतर टेबलासाठी थांबावं लागतं, म्हणून साडेबाराला पोचा.

पायांत जोर उरला असेल तर पॅरामाटा पार्क गाठा. तिथलं ओल्ड गव्हर्नमेंट हाऊस १७९९ चं, गव्हर्नर मॅक्वारीने पुढे वाढवलेलं. २०१० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या ११ ऑस्ट्रेलियन कैदी-स्थळांपैकी ते एक आहे. पण शेताच्या वाटेने आलेल्यांनी आधी त्याच पार्कातली डेअरी कॉटेज बघावी. जॉर्ज सॉल्टर या सुटका झालेल्या कैद्याने बांधलेली ही छोटी झोपडीवजा जागा पुढे गव्हर्नरच्या दूधदुभत्यासाठी वापरली गेली. दूध ठेवायची खोली जमिनीच्या पातळीखाली उतरवलेली आहे, गारव्यासाठी. आतून बघायला मिळेलच असं नाही, बाहेरून तरी नक्की बघा.

आणि हा विषय मनात घर करून बसला तर पुढचा दौरा कॅमडनचा आखा. तिथे मॅकआर्थर कुटुंबाच्या मोठ्या इस्टेटीचं बेलजेनी फार्म आहे, जुने गोठे, तबेले, कोठारं एकत्र टिकलेली. एलिझाबेथ फार्मवर घर उरलं आणि शेत गेलं, बेलजेनीला शेताच्या इमारती उरल्या आहेत, त्यामुळे दोन्ही मिळून चित्र पुरं होतं. ते ठराविक दिवशीच उघडतं, म्हणून तारीख बघून आधी नाव नोंदवा आणि गाडीनेच जा. जवळचं कॅमडन पार्क हाऊस आजही मॅकआर्थरच्या वंशजांच्या राहत्या वापरात आहे, ते लोकांसाठी सहसा वर्षातून एकदाच, सप्टेंबरात उघडतात. आई-बाबांची तिकिटं त्या महिन्यात बसत असतील तर दोन्ही एकाच फेरीत जमवता येतील.